नोंदवहीतला शिपाई : छिन आणि हान साम्राज्यांच्या लष्कराची कहाणी

चीनच्या इतिहासातील साम्राज्यकाळाची सुरुवात इ.स.पू. २२१ मध्ये झाली. त्या वर्षी पश्चिमेकडच्या छिन राज्याने आपल्या सहा प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटचे, म्हणजे पूर्वेचे छी हे राज्य जिंकले आणि छिनचा राजा यिंग चंग याने स्वतःसाठी 'ह्वांगती', म्हणजे सम्राट, ही नवी पदवी घडवून घेतली. हे घराणे पंधरा वर्षेच टिकले. त्यानंतरचे हान घराणे मात्र मधला थोडा खंड सोडला तर इ.स. २२० पर्यंत सत्तेवर राहिले. भारताच्या कालक्रमाशी सांगड घालायची, तर सम्राट अशोकाच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी छिनचे एकीकरण पुरे झाले आणि प्रतिष्ठानचे सातवाहन ज्या शतकांत दख्खनवर राज्य करीत होते, त्यांतील बराच काळ चीनवर हान सम्राटांचा अंमल होता. 'चीन' हे नाव छिन या राज्याच्या नावावरूनच पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या सुमारे ४४० वर्षांचा इतिहास बहुधा सम्राटांच्या महत्त्वाकांक्षा, सेनापतींचे पराक्रम आणि उत्तरेची भिंत यांच्याभोवती सांगितला जातो. त्याहून मोलाची वस्तू सरकारी दप्तरात होती, आणि ती म्हणजे कुटुंबांची नोंदवही. कोणत्या गावात कोणते घर, त्यात किती माणसे, त्यांतले वेठीला आणि लढाईला योग्य किती, हे ज्या सत्तेला ठाऊक होते तिला सैन्य उभे करता येत होते. ज्या दिवशी ते ठाऊक असणे बंद झाले, त्या दिवसापासून सैन्य दुसऱ्या कोणाचे तरी झाले. छिनचा विजय, हानचा विस्तार आणि हानचा शेवट या तिन्ही घटना या एका सूत्राने नीट उलगडतात.

ही नोंदवही लष्करी कामासाठी कठोरपणे वापरण्याचे श्रेय छिनचा मंत्री शांग यांग याला जाते. इ.स.पू. ३५६ च्या सुमारास त्याने सुरू केलेल्या सुधारणांनुसार पाच-पाच आणि दहा-दहा कुटुंबांचे गट बांधण्यात आले आणि गटातील एकाच्या गुन्ह्याची माहिती लपवली तर बाकीच्यांनाही शिक्षा होऊ लागली. जन्माने मिळणारा मान मोडीत काढून त्याने लष्करी पराक्रमावर आधारलेल्या दर्जांची उतरंड रचली, जी पुढे वीस पायऱ्यांची झाली. रणांगणावर शत्रूचे मुंडके मिळवणाऱ्या शिपायाला वरचा दर्जा मिळे आणि दर्जाबरोबर जमीन, घराची जागा व शिक्षेत सवलत मिळे. शांग यांगला आश्रय देणारा राजा वारला तेव्हा दुखावलेल्या सरदारांनी इ.स.पू. ३३८ मध्ये त्याचा जीव घेतला. त्याचे कायदे मात्र नव्या राजाने तसेच ठेवले, कारण त्यांची फळे दिसू लागली होती. इ.स.पू. २६० मध्ये चाओ राज्याविरुद्ध छांगफिंग येथे चाललेल्या दीर्घ लढाईत छिनच्या राजाने स्वतः एका सरहद्दी भागात जाऊन पंधरा वर्षांवरील सर्व पुरुषांना रसद तोडण्याच्या कामी जुंपले. चाओचे चार लाखांहून अधिक सैनिक त्या लढाईत मारले गेले, असे हानकालीन इतिहासकार समा छ्येन लिहितो. हा आकडा अतिशयोक्त असण्याचा संभव मोठा आहे, परंतु चाओ राज्य त्या आघातातून पुन्हा सावरले नाही, हे खरे.

अशा सैन्यातील साध्या शिपायाचा आवाज दोन हजार वर्षांनंतर ऐकू यावा, हा इतिहासाच्या अभ्यासातला दुर्मीळ योग होय. हुपेई प्रांतातील युनमंगजवळ श्वेइहूती नावाच्या ठिकाणी १९७५ मध्ये सुरू झालेल्या उत्खननात एका थडग्यात लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली दोन पत्रे मिळाली. हेइफू आणि चिंग या दोन भावांनी ती इ.स.पू. २२३ च्या सुमारास, छू राज्याविरुद्धच्या मोहिमेवर असताना, घरच्या भावाला लिहिली होती. चीनमध्ये सापडलेली ही सर्वांत जुनी घरगुती पत्रे मानली जातात. हेइफू आईला पैसे आणि उन्हाळी कपडे पाठवण्याची विनंती करतो. गावात कापड स्वस्त असेल तर तिथेच कपडे शिवून पाठवावेत आणि महाग असेल तर नुसते पैसे पाठवावेत, म्हणजे इकडेच कापड घेता येईल, असा त्याचा व्यवहारी हिशेब आहे. चिंगची पत्रातली अवस्था अधिक बिकट आहे: तो उसने पैसे घेऊन बसला आहे आणि घरून पाच-सहाशे नाणी व कापड लवकर आले नाही तर धडगत नाही, असे कळवतो. मिळालेल्या लष्करी दर्जाचा कागद घरी पोहोचला का, याचीही चौकशी या पत्रांत आहे. सहा राज्ये जिंकणाऱ्या सैन्याचे कपडे शिपायांच्या आया शिवत होत्या आणि शांग यांगने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आखलेला दर्जा सामान्य घराच्या उंबरठ्यापर्यंत खरोखर येऊन पोहोचत होता, या दोन्ही गोष्टी त्या पट्ट्यांवर एकत्र वाचायला मिळतात.

त्याच ठिकाणच्या दुसऱ्या एका थडग्यात शी नावाच्या स्थानिक अधिकाऱ्याबरोबर अकराशेहून अधिक बांबूपट्ट्या पुरलेल्या होत्या आणि त्यांत छिनचे कायदे लिहिलेले होते. छिनच्या अंताची प्रसिद्ध कथा या कायद्यांशी ताडून पाहण्याजोगी आहे. पहिला सम्राट इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना मरण पावला. मंत्री ली स आणि दरबारी चाओ काओ यांनी खोटे फर्मान काढून थोरला राजपुत्र फूसू याला मरण पत्करायला लावले आणि धाकट्याला गादीवर बसवले. उत्तरेच्या सीमेवर मोठी फौज सांभाळणारा सेनापती मंग थ्येन हाही त्याच कटात संपला. पुढच्याच वर्षी सीमेवरच्या चाकरीला निघालेली ९०० माणसांची एक टोळी पावसात अडकली आणि उशिराची शिक्षा मृत्यू असल्यामुळे बंड करून मेलेले बरे, असे म्हणून छन शंग व वू क्वांग यांनी तिला उठवले, असे समा छ्येन सांगतो. शीच्या पट्ट्यांतील वेठीच्या कायद्यात मात्र तीन ते पाच दिवसांच्या उशिराला नुसती तंबी, दहा दिवसांपर्यंत एका ढालीचा दंड आणि त्याहून अधिक उशिराला एका चिलखताचा दंड सांगितला आहे, आणि पाऊसपाण्यामुळे काम अडले तर ते माफही केले आहे. लष्करी भरतीचे नियम याहून कडक असू शकतात, हे ध्यानात घेऊनही छिनच्या क्रौर्याची रूढ कथा हान लेखकांनी बरीच गडद केली असावी, असे म्हणणे भाग पडते. राज्य मोडले ते ओझ्याने. नुकत्याच जिंकलेल्या प्रजेच्या मानेवर रस्ते, कालवे, राजवाडे, सम्राटाची कबर आणि उत्तरेची तटबंदी इतकी कामे एकदम आली, आणि नोंदवही जितकी चोख, तितकी त्यांतून सुटका अवघड झाली.

बंडातून उभ्या राहिलेल्या सरदारांत छूचा श्यांग यू हा युद्धात सरस होता, तरी इ.स.पू. २०२ मध्ये सम्राट झाला तो ल्यू बांग, एके काळचा खेड्यातला किरकोळ अंमलदार. त्याच्या सैन्याने छिनची राजधानी श्येनयांग ताब्यात घेतली तेव्हा इतर सरदार खजिन्याकडे धावले आणि त्याचा सहकारी श्याओ ह हा मात्र सरकारी दप्तरखान्यात जाऊन कायदे, नकाशे आणि नोंदवह्या उचलून घेऊन आला, असे समा छ्येनने आवर्जून नोंदवले आहे. पुढील चार वर्षांच्या युद्धात ल्यू बांग अनेकदा हरला आणि दरवेळी श्याओ हने त्याला नवे शिपाई व धान्य पुरवले. विजयानंतर पहिला मान रणांगणावरच्या सेनापतींना डावलून श्याओ हला देण्यात आला, तो उगीच नव्हे.

हान घराण्याने छिनची प्रशासनव्यवस्था बव्हंशी उचलली, पण साम्राज्याचा पूर्वेकडचा मोठा भाग मांडलिक राजांकडे सोपवला. त्यांचे अधिकार छाटण्याचा प्रयत्न होताच इ.स.पू. १५४ मध्ये सात राजांनी एकत्र बंड केले. सेनापती चौ याफू याने समोरासमोर लढणे टाळून त्यांचा रसदमार्ग तोडला आणि तीन महिन्यांत बंड मोडले. तेव्हापासून मांडलिक राजे नावापुरते उरले.

उत्तरेचा प्रश्न याहून कितीतरी कठीण होता. गोबीच्या दोन्ही बाजूंच्या गवताळ प्रदेशात शिओंग्नू या भटक्या पशुपालक टोळ्यांनी माओदुन या सरदाराच्या नेतृत्वाखाली मोठे राज्य उभारले होते. लहानपणापासून घोड्यावर वाढलेला त्यांचा प्रत्येक पुरुष तिरंदाज होता, त्यांच्यामागे जिंकून घेता येईल असे शेत वा शहर नव्हते आणि हरल्यावर पळून जाण्यात त्यांना कमीपणाही वाटत नव्हता. इ.स.पू. २०० मध्ये ल्यू बांग स्वतः त्यांच्यावर चालून गेला आणि आजच्या तातुंगजवळ पायतंग येथे सात दिवस वेढ्यात अडकला. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षे हान दरबाराने 'हछिन' म्हणजे सोयरिकीच्या तहाचे धोरण चालवले, ज्यात शिओंग्नू राजाला राजघराण्यातील कन्या आणि दरसाल रेशीम, धान्य व मद्य पाठवले जाई. पुढच्या काळात या धोरणाची लाचारी म्हणून पुष्कळ निंदा झाली. पण हल्ले थांबले नसले तरी मोठे युद्ध टळले आणि त्या उसंतीत कोठारे भरली, हे विसरून चालत नाही.

ती भरलेली कोठारे सम्राट वू याच्या हाती आली. त्याने इ.स.पू. १४१ ते ८७ असे ५४ वर्षे राज्य केले. इ.स.पू. १३३ मध्ये मायी येथे शिओंग्नूंना सापळ्यात ओढण्याचा डाव फसला आणि उघड युद्ध सुरू झाले. सेनापती वेई छिंग याने इ.स.पू. १२७ मध्ये पिवळ्या नदीच्या मोठ्या वळणातला प्रदेश परत मिळवला. त्याचा तरुण भाचा हुओ छ्यूपिंग याने १२१ मध्ये मध्य आशियाकडे जाणारी हशी ही अरुंद पट्टी घेतली. इ.स.पू. ११९ मध्ये या दोघांनी प्रत्येकी ५०,००० घोडेस्वार घेऊन गोबी ओलांडली, शिओंग्नूंची मुख्य शक्ती मोडली आणि ते उत्तरेकडे हटले. त्या मोहिमेतला एक आकडा समा छ्येनने जपून ठेवला आहे: सीमेवरील ठाण्यांतून बाहेर पडताना सरकारी व खाजगी मिळून १,४०,००० घोडे मोजले गेले होते आणि परत आले ते ३०,००० भरले नाहीत. घोड्यांअभावी हानला त्यानंतर बरीच वर्षे तसा हल्ला पुन्हा करता आला नाही.

याच सुमारास चांग छ्येन या दूताच्या प्रवासाने पश्चिमेचे दार उघडले. शिओंग्नूंविरुद्ध मित्र शोधायला तो निघाला होता, दहा वर्षांहून अधिक काळ शत्रूच्या कैदेत राहिला आणि तेरा वर्षांनी, शंभरांवर सोबत्यांपैकी एकालाच घेऊन, इ.स.पू. १२६ मध्ये परतला. मित्र मिळाला नाही. पण बल्ख भागाच्या बाजारात त्याला नैर्ऋत्य चीनमधील कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या आणि हा माल 'शनतू', म्हणजे सिंधूच्या देशातून, आल्याचे कळले. चिनी दरबारातील भारताच्या ज्ञानाची ही सुरुवात होय. आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्रात 'चीनपट्ट' या रेशमी वस्त्राचा उल्लेख आहे, तो याच व्यापाराच्या दुसऱ्या टोकाचा.

युद्धाचा खर्च हा या राजवटीचा खरा कसोटीचा प्रश्न ठरला. सीमेपर्यंत धान्य नेताना वाहणारी माणसे आणि जनावरेच ते खात जात. छिनच्या काळाविषयी बोलताना वू सम्राटाच्या एका सल्लागाराने तर १९२ मापे धान्य निघाले की सीमेवर एक माप पोहोचे, असे सांगितले होते. ते युद्ध टाळण्यासाठी केलेले भाषण होते आणि त्यात फुगवून सांगितलेलेही असेल, पण अडचण खरी होती. तिजोरी रिकामी झाल्यावर दर्जे विकण्यात आले, व्यापाऱ्यांच्या मालमत्तेवर कर बसला, नवी नाणी पाडण्यात आली आणि मीठ व लोखंड या दोन वस्तूंचा धंदा सरकारने आपल्या मक्त्यात घेतला. लुओयांगच्या व्यापाऱ्याचा मुलगा सांग होंगयांग हा या आर्थिक धोरणाचा सूत्रधार. तोंडी हिशेबातील हातखंड्यामुळे तो तेराव्या वर्षीच दरबारात आला होता. त्याच्या योजनांनी मोहिमा चालू राहिल्या, परंतु त्याची किंमत नोंदवहीत उमटू लागली. इ.स.पू. १०७ मध्ये पूर्वेकडील प्रदेशात वीस लाख माणसे घरदार सोडून भटकत होती आणि त्यांपैकी चार लाखांची कुठेच नोंद नव्हती. हान घराण्याचा इतिहासकार पान कू तर वू सम्राटाच्या काळात नोंदलेली कुटुंबे निम्म्यावर आली, असे लिहितो. ही सगळी माणसे मेली नव्हती; अनेकांनी कर आणि भरती चुकवण्यासाठी गाव सोडले होते किंवा बड्या जमीनदाराचा आसरा धरला होता. इ.स.पू. ८९ मध्ये पश्चिमेकडील लुन्थाय येथे नव्या लष्करी वसाहतीचा सांग होंगयांगचा प्रस्ताव वृद्ध सम्राटाने फेटाळला आणि प्रजेवर आणखी ओझे नको, असे जाहीर केले.

सम्राटाच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ८१ मध्ये, राजधानी छांगआन येथे मीठ-लोखंडाच्या मक्त्यावर जो वाद घडवून आणण्यात आला, तसा वाद जगाच्या प्राचीन इतिहासात क्वचितच आढळतो. प्रांतांतून बोलावलेल्या साठांवर विद्वानांनी सांग होंगयांगसारख्या सत्ताधाऱ्यांना तोंडावर सांगितले की सरकारी भट्टीतली अवजारे बोजड आणि ठिसूळ असतात, त्यांनी गवतही कापले जात नाही, आणि ती घ्यायला लांब जावे तर अंमलदार जागेवर नसतो. मक्ता काढला तर सीमेवर थंडीत उभ्या असलेल्या शिपायाला खायला कोण घालणार, असा सांग होंगयांगचा प्रतिप्रश्न होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच मक्ता थोडासा शिथिल होऊन तसाच चालू राहिला.

सांग होंगयांगने ज्याची बाजू मांडली, तो सीमेवरचा शिपाई आज बऱ्यापैकी परिचयाचा आहे. आतल्या मंगोलियातील एजिन नदीच्या काठी, च्यूयेन या ओसाड भागात, १९३० मध्ये चिनी-स्वीडिश मोहिमेला सुमारे दहा हजार लिखित पट्ट्या मिळाल्या आणि १९७० च्या दशकात आणखी सुमारे वीस हजार. ठाण्यातील शिपायांची नावे, त्यांचे गाव, दरमहा मिळालेले धान्य, बायकामुलांचा शिधा, धनुष्याच्या दुरुस्त्या, दिसलेल्या इशाऱ्याच्या जाळाची वेळ, असे सारे त्यांत टिपलेले आहे. तटाच्या बाजूने वाळूची एक सपाट पट्टी राखलेली असे, तिला 'आकाशशेत' म्हणत. शिपाई ती रोज सारखी करीत आणि सकाळी तिच्यावर माणसाची वा घोड्याची पावले उमटली आहेत का, हे पाहून वर कळवीत. शत्रूच्या हल्ल्यांइतकेच पळून जाणाऱ्या आपल्याच माणसांवर या वाळूचे लक्ष असे. हजार मैलांवरच्या शेतकऱ्याला वर्षभर त्या वाळवंटात उभे करणे, त्याला जगवणे आणि त्याचा हिशेब ठेवणे ही त्या काळातील अजोड कामगिरी होती, असे म्हणायला हरकत नाही. इ.स.पू. ५१ मध्ये शिओंग्नू राजा हूहानये स्वतः छांगआनला येऊन सम्राटापुढे नमला. त्यामागे त्यांच्यातली भाऊबंदकी होती, तशी या ठाण्यांची चिकाटीही होती.

इ.स. २ च्या गणनेत १ कोटी २२ लाख ३३ हजार ०६२ कुटुंबे आणि ५ कोटी ९५ लाख ९४ हजार ९७८ माणसे नोंदली गेली. सात वर्षांनी वांग मांग या नातलग मंत्र्याने सिंहासन बळकावले, पिवळ्या नदीने पात्र बदलले, उपासमारीने बंडे उठली आणि इ.स. २५ मध्ये ल्यू श्यू याने लुओयांग येथे हान घराणे पुन्हा स्थापन केले.

नव्या सम्राटाने घेतलेला एक निर्णय या इतिहासाला वळण देणारा ठरला. आधीच्या पद्धतीत प्रौढ पुरुषाला दोन वर्षे चाकरी असे, एक वर्ष आपल्या प्रांतात लष्करी शिक्षणासाठी आणि एक वर्ष राजधानीत किंवा सीमेवर. शिवाय दर शरद ऋतूत प्रांतोप्रांती शिपायांची कवायत-परीक्षा होई. इ.स. ३० आणि ३१ मध्ये ल्यू श्यूने ही परीक्षा, प्रांतांचे लष्करी अधिकारी आणि स्थानिक पथके बरखास्त केली. खर्च वाचवणे हे एक कारण होते, पण दुसरे अधिक बोलके आहे. वांग मांगविरुद्धचे पहिले मोठे बंड अशाच कवायतीच्या दिवशी जमलेल्या शिपायांना घेऊन झाले होते आणि खुद्द ल्यू श्यूच्या साथीदारांनी नान्यांगमधील उठावासाठी तोच दिवस निवडला होता. हत्यार चालवणारा शेतकरी काय करू शकतो, हे ज्याने स्वतः पाहिले त्याने शेतकऱ्याच्या हातून हत्यार काढून घेतले.

सीमेवर आता शरण आलेले दक्षिणी शिओंग्नू, वूह्वान आणि छ्यांग टोळ्यांचे स्वार, माफी मिळालेले कैदी आणि पगारी शिपाई लढू लागले. प्रारंभी हे फार यशस्वी ठरले, इ.स. ८९ मध्ये तौ श्येन या सेनापतीने अशाच संमिश्र फौजेच्या बळावर उत्तरी शिओंग्नूंचा पाडाव केला आणि त्या विजयाचा पान कूने रचलेला शिलालेख मंगोलियातील एका कड्यावर २०१७ मध्ये ओळखण्यात आला. परंतु मोहीम संपल्यावर शेतकरी-शिपाई जसा घरी जाई, तसे या सैन्याला जाण्याजोगे घर नव्हते. ते वर्षानुवर्षे एकाच सेनापतीपाशी राही. इ.स. १०७ मध्ये पश्चिमेच्या मोहिमेवर सक्तीने धाडलेल्या छ्यांगांनी बंड केले आणि त्या पहिल्या युद्धातच २४ अब्ज नाणी खर्ची पडली. त्या धगीत वायव्य सीमेवरचे सेनापती आणि त्यांची फौज तयार झाली.

इ.स. १८४ मध्ये 'पिवळे फेटेवाले' या धार्मिक पंथाचे बंड झाले आणि ते मोडण्यासाठी प्रांतिक अधिकाऱ्यांना व जमीनदारांना स्वतःच्या फौजा उभारण्याची मोकळीक मिळाली. वायव्येचा सेनापती तुंग च्वो याला दरबाराने आपले सैन्य दुसऱ्याकडे सोपवण्याचा हुकूम दिला, तेव्हा शिपाई आपल्याला सोडायला तयार नाहीत, असे उत्तर त्याने पाठवले. ते उत्तर उद्दाम होते, तसेच ते वस्तुस्थितीचे वर्णनही होते. इ.स. १८९ मध्ये राजवाड्यातील खोजे आणि दरबारी सरदार यांच्या कत्तलीत राजधानी रिकामी पडली आणि तुंग च्वो सुमारे तीन हजार शिपायांनिशी लुओयांगमध्ये शिरला. पाच कोटी प्रजेच्या सम्राटापाशी त्याला अडवण्याजोगे तेवढेही शिपाई उरले नव्हते. त्याने एका सम्राटाला काढून दुसऱ्याला बसवले आणि पुढच्या वर्षी लुओयांग जाळून टाकले.

त्यानंतरच्या तीस वर्षांच्या धुमश्चक्रीत छाओ छाओ हा सेनापती वरचढ ठरला. त्याने शरण आलेल्या पिवळ्या फेटेवाल्यांना कुटुंबांसह आपल्या फौजेत घेतले आणि इ.स. १९६ पासून ओसाड जमिनींवर सरकारी शेतवसाहती बसवून धान्याची सोय केली. इ.स. २२० मध्ये त्याचा मुलगा छाओ फी याने शेवटच्या हान सम्राटाकडून सिंहासन सोडल्याचे फर्मान घेतले. इ.स. १५७ मध्ये हानच्या नोंदवहीत ५ कोटी ६४ लाख ८६ हजार ८५६ माणसे होती, इ.स. २८० मध्ये चिन घराण्याने चीन पुन्हा एकत्र केला तेव्हा ती १ कोटी ६१ लाख ६३ हजार ८६३ भरली. युद्धांनी आणि रोगराईने असंख्य बळी घेतले होते, तरी गायब झालेल्या चार कोटींतले अनेकजण जिवंत होते आणि बड्या घराण्यांच्या जमिनीवर, कोणत्याही सरकारी यादीत नाव न येता, राबत होते. छाओंच्या राज्यात शिपायांची कुटुंबे सामान्य प्रजेच्या नोंदवहीतून काढून वेगळ्या वहीत घालण्यात आली, आणि त्या वहीतल्या शिपायाचा मुलगा शिपाईच होत असे.